चांगल्या हाताला मोजा

पक्षाघातानंतर एक हात लुळा पडलेल्या रुग्णाचा दुसरा, धड हात जाड मोज्यात कोंडून ठेवायचा आणि घास उचलण्यापासून बटण लावण्यापर्यंतची कामे अधू हाताकडूनच करून घ्यायची, ही उपचारपद्धती सकृद्दर्शनी निष्ठुर वाटते. तिचे मूळ माकडांवरील प्रयोगांत आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी माकडांच्या एका हातातून मज्जारज्जूकडे संवेदना नेणाऱ्या चेता छेदल्या, तेव्हा स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या प्रेरक चेता शाबूत असूनही माकडांनी तो हात वापरणे सोडून दिले; धड हात बांधताच मात्र तोच हात पुन्हा कामाला लागला. इजेनंतर सुरुवातीचे प्रयत्न फसतात, दुसऱ्या हाताने काम भागते आणि पुढे चेतासंस्था सावरली तरी न वापरण्याची सवय तेवढी उरते, असा अर्थ टाउब यांनी लावला. या सवयीला ‘शिकलेला अनुपयोग’ म्हणता येईल. त्यांच्या मेरीलँडमधील प्रयोगशाळेवर १९८१ मध्ये माकडांच्या हालांवरून पोलिसांचा छापा पडला व खटलाही चालला. अपिलात शिक्षा टिकली नाही, तरी या उपचाराच्या इतिहासातून ते प्रकरण वगळता येणार नाही.

माणसांसाठीच्या मूळ पद्धतीत दोन आठवडे, जागेपणीचा सुमारे ९० टक्के वेळ मोजा आणि कामाच्या दिवशी सहा तासांपर्यंत सराव असतो. काम सोप्या टप्प्यांत फोडून, एकेक टप्पा जमेल तसे ते अवघड करत नेतात. मोजा नजरेत भरतो, पण खरे बळ रुग्णाशी केलेल्या लेखी करारात, रोजच्या नोंदवहीत आणि मदतीला धावणारा हात आवरणाऱ्या घरच्या माणसांत आहे. मायेने भरवलेला प्रत्येक घास इथे सरावातून वजा होतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२२ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत, पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा याचा अधिक लाभ झाला आणि तो वर्षभर टिकला. घाई मात्र अंगलट येते: २००९ च्या ५२ रुग्णांच्या चाचणीत, पक्षाघातानंतर लवकरच जास्त मात्रेत सराव दिलेल्यांची सुधारणा उलट कमी निघाली.

पाण्याशी व विस्तवाशी काम करताना आणि तोल जाण्याचा धोका असेल तिथे मोजा काढावाच लागतो. आणि ज्यांचे मनगट व बोटे स्वतःहून थोडीही उघडत नाहीत, त्यांच्यासाठी ही मूळ पद्धत नाही.