हजेरीत न सापडणारा ड्राइव्ह

८ जून २००४ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून सरकत गेला. सुमारे सहा तास चाललेले हे अधिक्रमण भारतातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसण्यासारखे होते. शिरपूरच्या एका शाळेतील विज्ञानाच्या सरांनी त्या दिवशी छोट्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडली, मुलांकडून शुक्राच्या ठिपक्याच्या जागा पेन्सिलीने नोंदवून घेतल्या आणि प्रत्येक कागदाचा फोटो काढला. प्रतिमा १५ सेंटिमीटरची असेल तर शुक्राचा ठिपका जेमतेम साडेचार मिलिमीटरचा पडतो. पुढे कागद वाळवीने खाल्ले. फोटो शाळेच्या संगणकात होते, तर त्याची हार्ड डिस्क गेली. उरली एक सीडी. आणि नव्या हार्ड डिस्कनंतर त्या संगणकाला सीडीचा ड्राइव्ह दिसेनासाच झाला होता! असे अधिक्रमण २०१२ साली पुन्हा झाले. यानंतरचे थेट २११७ साली.

सीडी दुसरीकडे नेऊन वाचता आली असती, हे खरे. पण आम्ही शिरपूरला पोहोचलो तेव्हा अकरावीच्या मुलांनी संगणकाची पेटी उघडून ठेवली होती. प्रश्न आता त्यांचा झाला होता, आणि तो त्यांच्या हातून काढून घेणे आम्हाला बरे वाटले नाही.

दुकानदाराचे निदान तयारच होते: "ड्राइव्ह गेला, नवा घ्या." एका मुलीने मात्र नेमके विचारले, "सर, बटण दाबलं की खण बाहेर येतो, दिवाही लागतो. मग गेला कसा?" तिचे बरोबर होते. ड्राइव्हला दोन वाटांनी जोडलेले असते. चार तारांच्या जाड जोडातून वीज येते. पिवळ्या तारेत १२ व्होल्ट, तांबडीत ५ व्होल्ट आणि मधल्या दोन काळ्या शून्याच्या. दुसरी वाट रुंद, चपट्या पट्टीची. तिच्यातून माहिती जाते. खण हलतो याचा अर्थ पहिली वाट ठीक आहे, एवढाच.

संगणक सुरू होताच विंडोज येण्याआधी काळ्या पडद्यावर काही ओळी झरझर सरकतात. त्या वेळी मदरबोर्डवरचा बायॉस हा कायमचा प्रोग्रॅम एक प्रकारे हजेरी घेत असतो. प्रत्येक जागेला तो विचारतो, "कोण आहे?" आणि तिथला ड्राइव्ह आपले नाव कळवतो. म्हणून पहिली तपासणी या पडद्यावर करावी. इथे नाव असेल आणि विंडोजमध्ये नसेल, तर दोष बहुधा तारांचा नाही, प्रोग्रॅमचा आहे. सीडी लिहिण्याचे एखादे सॉफ्टवेअर अर्धवट काढून टाकल्यावर असे पुष्कळदा होई. आमच्या संगणकात मात्र नाव इथेच नव्हते.

तारीखही चुकीची दिसत होती. मदरबोर्डवरची नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली, की घड्याळ आणि जपून ठेवलेल्या मांडण्या पुसल्या जातात. मुलांनी बॅटरी बदलली. तारीख टिकू लागली; ड्राइव्ह काही दिसेना. एका यंत्रात एकाच वेळी दोन स्वतंत्र दोष असू शकतात, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सापडले नसते.

आता चपटी पट्टी. जुन्या आयडीई पद्धतीत एका पट्टीवर दोन ड्राइव्ह बसतात. एकाला मास्टर म्हणतात, दुसऱ्याला स्लेव्ह. कोण कोणता, हे ड्राइव्हच्या मागच्या बारीक पिनांवर बसवलेल्या जंपर नावाच्या टोपणाने ठरते. शेजारी एमए, एसएल, सीएस अशी अक्षरे असतात. (२००३ च्या सुमारास आलेल्या साटा जोडणीत प्रत्येक ड्राइव्हला वेगळी तार मिळाली आणि हा घोळ संपला.) मुलांनी दोन्ही ड्राइव्ह बाहेर काढले, तर दोघांचेही जंपर एमएवर! वर्गात दोन मुलांना एकच हजेरी क्रमांक दिला तर काय होईल? दोघे एकदम "हजर" म्हणतील. इथेही तसेच होते. कधी दोघेही गायब होतात, कधी एकच दिसतो. नवी हार्ड डिस्क बसवताना हे कोणी पाहिलेच नव्हते.

वीज बंद करून, प्लग काढून, पेटीच्या धातूला हात लावून मग सीडी ड्राइव्हचा जंपर एसएलवर आणला. पॉवर सप्लायची डबी मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक व्होल्टेज काही काळ टिकते.

ड्राइव्ह हजेरीत आला, पण नाव विचित्र! काही अक्षरे चुकलेली, आणि चूक प्रत्येक वेळी एकाआड एक अक्षरांतच. आमच्या मते दिवसभरातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच. पट्टीच्या ४० जोडांपैकी १६ जोड माहितीचे. एका वेळी १६ बिट, म्हणजे दोन अक्षरे जातात; पहिल्यासाठी ८ तारा, दुसऱ्यासाठी ८. एक तार तुटली तर जोडीतले एकच अक्षर बिघडणार. इंग्रजी 'सी'चा क्रमांक ६७, द्विमान पद्धतीत १००००११. शेवटचा १ पोहोचलाच नाही आणि त्या जागी ० वाचला गेला, तर १००००१० होते. म्हणजे ६६, म्हणजे 'बी'. सम क्रमांकाच्या अक्षरात शेवटी मुळातच ० असतो, म्हणून ते शाबूत राहते. मुलांनी ड्राइव्हवरच्या लेबलाशी नाव ताडून कोणता बिट हरवतो ते फळ्यावर मांडले. जोडात कापसाचे तंतू आणि धूळ होती. कुंचल्याने झाडून पाहिले, उपयोग झाला नाही. भंगारातल्या संगणकाची पट्टी लावली, आणि नाव शुद्ध उमटले. लावताना पट्टीची रंगीत कड पहिल्या पिनेकडे यावी लागते.

सीडी घातली. ड्राइव्ह बराच वेळ गुरगुरला. सीडी पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. मार्गाच्या दिशेने पडलेला ओरखडा सलग माहिती खातो आणि चूकदुरुस्तीची व्यवस्था अपुरी पडते. पुसल्यावर फाइलींची यादी आली. लिहिता येणाऱ्या सीडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरात असते. ऊन आणि उष्णता यांनी तो थर खराब होतो. ही सीडी खानदेशातले कितीतरी उन्हाळे खिडकीशेजारच्या कपाटात राहिली होती. २४ फोटोंपैकी १७ उघडले. ते लगेच दोन ठिकाणी उतरवून घेतले.

सतरांमध्ये दुपारचा एक फोटो आहे. कागदावर पेन्सिलीच्या खुणांची तिरपी रांग, शेवटच्या खुणेजवळ काळा ठिपका, आणि कडेला एका मुलाचा अंगठा. तो मुलगा आता त्याच शाळेत गणित शिकवतो. अंगठा आपला असल्याचे त्याने लगेच ओळखले.