'पुरवणे' या क्रियापदाचे दोन अर्थ : भयखेळांतील साधनविनियोगाचा विचार

पडद्यावर खेळावयाच्या भयप्रधान खेळांचा एक वर्ग असा आहे की, त्यात भीती राक्षसाच्या रूपाने येते त्याहून अधिक ती हिशेबाच्या रूपाने येते. बंद दारापुढे खेळणारा थबकतो तो दारामागे काय असेल या शंकेने खराच. परंतु त्याच क्षणी आपल्यापाशी गोळ्या किती उरल्या हेही तो मोजत असतो. ही मोजणी काढून टाकली तर दारामागील राक्षस पुष्कळसा निरुपद्रवी होतो. या वर्गाचे 'सर्व्हायव्हल हॉरर' हे इंग्रजी नाव रूढ झाले ते कॅपकॉम या जपानी संस्थेने १९९६ साली काढलेल्या 'रेसिडेंट ईव्हिल' या खेळामुळे. मराठीत त्यास 'तग धरण्याचे भयखेळ' म्हणता येईल. पुढील विवेचनात 'भयखेळ' हा शब्द याच मर्यादित अर्थाने योजला आहे.

याच संस्थेच्या १९८९ च्या 'स्वीट होम' या खेळात या रचनेचे मूळ सापडते. पाच माणसे एका पछाडलेल्या वाड्यात अडकतात, प्रत्येकाला मोजक्याच वस्तू जवळ बाळगता येतात आणि मेलेला माणूस परत येत नाही. शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेल्या 'रेसिडेंट ईव्हिल'ने हीच कल्पना काटेकोर केली. त्यातील क्रिस या पात्राजवळ सहा वस्तूंपुरती जागा आहे, जिल या पात्राजवळ आठ. पिस्तूल एक जागा अडविते, गोळ्या दुसरी, किल्ली तिसरी, जखमेवरची वनस्पती चौथी. उरलेले सामान पेटीत टाकावे लागते, आणि पेटी काही थोड्या खोल्यांतच असते. याहूनही चतुर योजना टंकलेखनयंत्राची आहे. खेळ जेथवर आला तेथवरची नोंद राखावयाची, तर यंत्रावर शाईची फीत चढवावी लागते, आणि प्रत्येक नोंदीमागे एक फीत खर्ची पडते. म्हणजे जे मिळविले ते सुरक्षित करणे हाच एक खर्च ठरतो.

यातून खेळणाऱ्यापुढे जो प्रश्न वारंवार उभा राहतो तो वरवर पाहता साधा आहे. अरुंद बोळात एक चालते प्रेत उभे आहे. त्याला गोळ्या घातल्या तर तीन-चार गोळ्या जातील. बगल देऊन निघावे तर चावा बसण्याचा संभव, म्हणजे एक वनस्पती जाईल. परंतु या बोळातून पुढे आणखी कितीदा जावे लागेल? एकदाच जावयाचे असेल तर बगल देणे किफायतीचे. दहादा जावयाचे असेल तर आजच्या गोळ्या ही पुढची बचत होय. आणि ही संख्या तर खेळणाऱ्याला ठाऊक नसते. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण अंथरूण दिसते आहे असे गृहीत धरते. भयखेळात ते अंधारात असते, पाय मात्र पसरावेच लागतात.

येथे मराठीतील 'पुरणे' या क्रियापदाचा कुटुंबविस्तार पाहणे उद्बोधक ठरेल. ('मातीत गाडणे' या अर्थाचा 'पुरणे' येथे अभिप्रेत नाही, थडग्यांनी भरलेल्या खेळांच्या चर्चेत हा खुलासा केलेला बरा.) 'पुरणे' म्हणजे पुरेसे होणे. त्याचे प्रयोजक रूप 'पुरवणे'. या रूपाचे दोन अर्थ रूढ आहेत, आणि ते एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. 'सैन्याला रसद पुरवली' यात देणारा आणि घेणारा भिन्न आहेत. वस्तू बाहेरून येते व साठा वाढतो. 'आठवडाभर तेल पुरवले' यात बाहेरून काहीच येत नाही. साठा तोच, वाढतो तो काळ. द्विरुक्तीने हा दुसरा अर्थ निःसंदिग्ध होतो: 'पुरवून पुरवून वापरणे'. नामातही हीच दुफळी दिसते. 'पुरवठा' म्हणजे रसद. परंतु 'पुरवठ्याला येणे' म्हणजे थोडक्यात पुष्कळ काळ अथवा पुष्कळ माणसांचे भागणे. भयखेळाची सारी रचना या एका क्रियापदात सांगता येते: पहिल्या अर्थाने रचनाकार पुरवितो, दुसऱ्या अर्थाने खेळणारा पुरवितो, आणि पहिला जितका हात आखडता घेईल तितके दुसऱ्याचे कौशल्य कसास लागते.

दुसऱ्या अर्थाचे माहेर स्वयंपाकघर होय, आणि मुंबईत त्याचा सराव गिरणगावाइतका क्वचितच कोठे झाला असेल. भायखळा आणि कॉटन ग्रीन यांच्या मधला घोडपदेव हा त्याच गिरणगावाचा पूर्वेकडील भाग. चाळीतील पाण्याचेच उदाहरण घ्यावे. नळ ठरावीक वेळी येणार, म्हणून त्या वेळात भरून ठेवावयाचे. परंतु पिंप किती मोठे असावे हे खोलीचे क्षेत्रफळ ठरविते. एक हंडा अधिक ठेवला तर एका माणसाची झोपण्याची जागा जाते. क्रिसच्या सहा जागांचे गणित याहून वेगळे नाही. कोकणातून व घाटावरून एकटे आलेले गिरणीकामगार ज्या खानावळीत जेवीत, तेथील बाईला तर दररोज आमटी पुरवठ्याला आणावी लागे, आणि पैसे पगार झाल्यावर मिळावयाचे. अशाच खानावळवाल्या स्त्रियांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

या सरावाची सर्वांत कठोर परीक्षा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाली. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष गिरणीकामगार संपावर गेले. यापूर्वीचा मोठा संप, १९७३-७४ चा, बेचाळीस दिवस चालला होता. घरातला तांदूळ, वाण्याकडची उधारी, गहाण टाकण्याजोगे सोने यांची वाटणी कोणत्या मुदतीवर करावयाची, याला मागील अनुभवाखेरीज दुसरा आधार असू शकत नाही. आणि बेचाळीस दिवसांच्या हिशेबाने पुरविलेले धान्य वर्षभराच्या संपाला कसे पुरावे? पुष्कळांनी खोली सोडून गावची वाट धरली. बोळातून किती वेळा जावे लागेल हे ठाऊक नसणे, या वाक्याचा खरा अर्थ येथे कळतो. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही.

याच्या उलट टोकाची चूकही असते. अनेक खेळणारे 'अडीनडीला असू द्यावे' म्हणून उत्तमोत्तम अस्त्र राखीत राहतात आणि खेळ संपतो तेव्हा पेटी भरलेली असते. अशांनी पुरविले खरे, पण वापरले नाही. कृपणाचे वर्णन करणाऱ्या म्हणी मराठीत विपुल आहेत. भयाने कृपण झालेल्याविषयी मात्र फारशी कोणी म्हण रचलेली दिसत नाही.

रचनाकारांनी पुढे या हिशेबात नवे पेच घातले. 'रेसिडेंट ईव्हिल'च्या २००२ सालच्या नव्या आवृत्तीत मारलेले प्रेत तसेच टाकून गेल्यास ते काही काळाने अधिक वेगवान होऊन उठते. ते जाळावे तर रॉकेल हवे, आणि ते नेण्याचे भांडे लहान. म्हणजे खर्च करूनही खाते बंद होत नाही. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने २०१० साली काढलेल्या 'अम्नेशिया : द डार्क डिसेंट' या खेळात शस्त्रच नाही, आहे तो कंदील, त्याचे तेल आणि दिवे पेटविण्याचे साहित्य. अंधारात राहिल्यास पात्राचे मन ढळू लागते, उजेडात राहिल्यास राक्षसाला ते दिसते. साधन वापरणे आणि न वापरणे या दोहोंची किंमत येथे एकाच वेळी मोजावी लागते. कौशल्याच्या दृष्टीने या वर्गातील ही योजना सर्वांत श्रेष्ठ मानावी लागेल.

तथापि खेळातील टंचाई आणि घरातील टंचाई यांत एक भेद आहे, आणि तो नजरेआड करून केलेली तुलना अन्यायाची होईल. खेळातली टंचाई मापून केलेली असते. नीट खेळणाऱ्यास शेवटापर्यंत पुरेल इतके सामान वाड्यात कोठे ना कोठे ठेवलेलेच असते. २००५ च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४' मध्ये तर खेळणाऱ्याची कुवत पाहून खेळ आपली कठोरता गुपचूप कमी-अधिक करतो. हरणाऱ्याला हात देणारा एक अदृश्य पुरवठादार तेथे आहे. खेळणारा 'पुरवून पुरवून वापरतो' तो कोणीतरी 'पुरविले आहे' या, त्याला स्वतःलाही न जाणवणाऱ्या, विश्वासावर. १९८२ मध्ये घोडपदेवच्या खोलीत क्रियापदाचा दुसरा अर्थ शिल्लक होता, पहिल्याची हमी कोणी घेतलेली नव्हती.

मराठीत या दोन क्रियांचा मेळ घालणारा एक वाक्प्रयोग आहे: 'पुरून उरणे'. 'तो सगळ्यांना पुरून उरला' या वाक्यात 'पुरणे' हे वस्तूचे क्रियापद माणसाला लावले आहे. माणूस स्वतःच साठा झाला, सर्वांशी झगडून खर्च झाला आणि तरीही शिल्लक राहिला, असा त्याचा शब्दशः अर्थ. 'सर्व्हायव्हल' या शब्दात केवळ मागे राहणे आहे. 'पुरून उरणे' यात खर्च झाल्याची कबुलीही आहे.

घोडपदेवच्या न्यू हिंद मिलच्या जागेवर पुढे म्हाडाने गिरणीकामगारांसाठी इमारती उभ्या केल्या. कामगारांच्या घरांसाठी पहिली सोडत २०१२ साली निघाली. घरे थोडी, अर्जदार फार, म्हणून वाटप चिठ्ठीने. अर्ज कामगाराला करता येई, आणि तो हयात नसल्यास त्याच्या वारसाला.