जुना प्रशिक्षक : खोडवा ठेवावा की नवी लागण करावी?



या पानावर आम्ही आजवर बेणे, खत, पाणी आणि पाचट यांखेरीज फारसे काही लिहिले नाही. या खेपेस विषय फुटबॉलचा आहे. कोल्हापूर भागातल्या सभासदाला त्याचे नवल वाटू नये. ज्या घरात उसाची नोंद, त्या घरातले एखादे पोर तालमीच्या संघात असतेच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण समोरासमोर असले की आमच्या शेती खात्यातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या पडतात, हे आम्ही लिहून देतो.

विषय निघाला तो मात्र कोल्हापुरात नव्हे, रत्नागिरीकडे, समुद्राच्या काठी.

आरे-वारेच्या चढावर

जुलै २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही शेती विभागातील काही मंडळी आणि गटातले सभासद मिळून गणपतीपुळ्याला दर्शनासाठी गेलो होतो. आंबा घाट उतरून साखरपा, हातखंबा करीत रत्नागिरी गाठली आणि किनाऱ्याच्या रस्त्याला लागलो. आरे-वारेच्या चढावर गाडी थांबवली. वर उभे राहिले की खाली एका अंगाला आरे, दुसऱ्या अंगाला वारे, दोहोंकडे वाळू आणि कडेने सुरूचे बन.

"सायेब, हितं सुरूची लागण झ्याक हाय, पर गाळपाला न्यायची कुठं?" असे एकाने विचारले आणि सगळे हसले.

पावसाने थोडी उघडीप दिली होती. समुद्र मात्र खवळलेला. अशा दिवसांत तेथे पाण्यात पाऊल घालू नये, हे आपल्याकडून जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. खाली वाळूवर आठ-दहा पोरे चपलांचे गोल करून बॉल खेळत होती.

आमच्यात एक सभासद होते, त्यांचे नाव सांगत नाही. दहा-बारा वर्षे त्यांनी गावच्या तालमीचा संघ घडवला आणि एके वर्षी चषकही आणला. पुढे कारभाऱ्यांशी वाजले आणि ते बाजूला झाले. आता तालमीला पुन्हा प्रशिक्षक हवा होता आणि त्यांनी अर्ज दिला होता. तालमीचे दोन पंचही त्याच गाडीत होते. ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती, पण दिवसभर कोणी त्यावर अवाक्षर काढले नव्हते.

दिल्लीचे अर्ज

मग कोणीतरी मोबाईलवर बातमी वाचली. भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदासाठी आलेल्या १७० अर्जांतून आय. एम. विजयन यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक समितीने तीन नावे काढली होती. इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाईन, स्लोव्हाकियाचे स्टेफान तार्कोविच आणि आपल्या मुंबईच्या मैदानांवर घडलेले खालिद जमील.

जागा रिकामी का झाली तेही सांगितले पाहिजे. इगोर स्टिमॅक यांना जून २०२४ मध्ये काढले. त्यांच्या जागी आलेले मानोलो मार्केझ त्या हंगामात एफसी गोवा हा क्लबही सांभाळत होते. क्लबला त्यांनी मे २०२५ मध्ये सुपर कप जिंकून दिला, पण देशाच्या संघाला आठ सामन्यांत एकच विजय मिळाला. तो विजय मालदीवविरुद्ध होता, आणि त्यासाठी निवृत्त झालेल्या चाळिशीच्या सुनील छेत्रीला परत बोलवावे लागले होते. जूनमध्ये हाँगकाँगकडून हार झाली आणि जुलैच्या सुरुवातीला मार्केझ बाजूला झाले. जागतिक क्रमवारीत आपण १३३ व्या जागी घसरलो होतो.

या तिघांत कॉन्स्टंटाईन म्हणजे जुने प्रशिक्षक. २००२ ते २००५ आणि पुन्हा २०१५ ते २०१९ असे दोनदा त्यांनी भारताचा संघ सांभाळला होता. आता ते तिसऱ्यांदा दारात उभे होते.

"जुनं ते सोनं, सायेब. त्यानंच आपल्याला शंभरच्या आत आणलं न्हवं?" एक पंच म्हणाले.

"सोनं खरं, पर त्याला सा वर्सं झाली की. आताचा भाव इचारा," दुसरे म्हणाले.

चषक आणणारे आमचे सभासद खाली वाळूकडे बघत राहिले.

वजन कशाचे करायचे?

आमचा धंदा उसाचा, म्हणून आम्ही उसाचीच भाषा बोलणार. जुना प्रशिक्षक परत आणणे म्हणजे खोडवा ठेवणे. खोडव्याचे फायदे आपण जाणता. मशागत वाचते, बेण्याचा खर्च वाचतो, मुळे जमिनीत बसलेली असतात, पीक लवकर तयार होते. पण म्हणून कोणी प्रत्येक शेताचा खोडवा ठेवत नाही. बुडखे बघतो, नांग्या मोजतो, काणी किंवा गवताळ वाढ आहे का ते पाहतो, मग ठरवतो. माणसाच्या बाबतीत मात्र आपण जुनी काटा-पावती दाखवून मोकळे होतो. आमच्या मते चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, टनेज कोणत्या जमिनीतले? कॉन्स्टंटाईन यांनी संघ हाती घेतला तेव्हा भारत १७० च्या आसपास होता. जुलै २०१७ मध्ये तो ९६ व्या क्रमांकावर आला. हे काम मोठे आहे आणि ते कोणी नाकारू नये. २०११ नंतर प्रथमच आपण आशियाई चषकाला पोहोचलो आणि जानेवारी २०१९ मध्ये थायलंडला ४-१ असे हरवले. पण पात्रता फेरीच्या गटात किर्गिझस्तान, म्यानमार आणि मकाव होते, हेही पावतीच्या मागे लिहून ठेवावे. हलक्या जमिनीतले आणि भारी जमिनीतले टनेज आपण एका मापाने मोजत नाही.

दुसरी गोष्ट, मागची तोड का झाली? त्याच स्पर्धेत यजमान अमिरातीकडून ०-२ आणि बहारीनकडून अगदी शेवटच्या क्षणी पेनल्टीवर ०-१ अशी हार झाली. बाद फेरी हुकली आणि कॉन्स्टंटाईन यांनी लगेच राजीनामा दिला. माणूस स्वतःहून गेला की काढला गेला, कोणाशी पटले नाही आणि का पटले नाही, हे उघड विचारावे. कुजबुज करून कोणाचे भले होत नाही.

तिसरी गोष्ट, मधल्या वर्षांत काय केले? २०२२-२३ च्या हंगामात त्यांनी ईस्ट बंगाल सांभाळला आणि संघ नवव्या स्थानी राहिला. पुढे पाकिस्तानचा संघ घेतला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये कंबोडियाला हरवून त्या देशाला विश्वचषक पात्रतेतला पहिला विजय मिळवून दिला. म्हणजे मुळात जीव होता, सगळा बुडखा वाळला नव्हता.

चौथी गोष्ट, आज शेताला कमी काय आहे? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका हाच कोणी विचारत नाही. २०१५ मध्ये संघाला शिस्त आणि अंगमेहनत हवी होती. २०२५ मध्ये छेत्रीनंतर गोल करणारा कोण, हा सवाल होता. त्यातच लीगचा पुढचा हंगाम होणार की नाही याचीही जुलैत खात्री उरली नव्हती. अशा वेळी देशातली पोरे आधीपासून ओळखणारा माणूस उपयोगी.

जगात दोन्ही तऱ्हेचे दाखले आहेत. ब्राझीलच्या स्कोलारींनी २००२ चा विश्वचषक जिंकला. दहा वर्षांनी त्यांना परत बोलावले आणि २०१४ मध्ये घरच्या मैदानावर जर्मनीकडून १-७ ची हार पत्करावी लागली. उलट इटलीच्या आन्चेलोत्तींना रेआल माद्रिदने २०१५ मध्ये काढले, २०२१ मध्ये परत आणले आणि त्यांनी २०२२ व २०२४ अशी दोनदा युरोपातली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकून दिली. खोडव्याने लागणीला मागे टाकल्याचे शेत आपणही पाहिले आहे. तेव्हा जुने म्हणून घ्यावे असेही नाही आणि जुने म्हणून टाकावे असेही नाही.

नवी लागण, देशी बेणे

त्या दिवशी आमचे मत जमील यांच्या बाजूने पडले. कारण सांगतो. मुंबई एफसी हा बेताच्या पैशाचा क्लब त्यांनी सात हंगाम सांभाळला. तेथून सुटल्यावर मिझोरमच्या ऐजॉलला गेले आणि ज्या संघाला कोणी हिशेबात धरत नव्हते, त्याला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दिली. पुढे नॉर्थईस्ट युनायटेडला बाद फेरीत नेले आणि जमशेदपूरला सुपर कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचवले. कमी पाण्यात पीक काढणारा हा माणूस आहे. १ ऑगस्ट २०२५ रोजी महासंघाने त्यांचीच नेमणूक केली. गोव्याचे सावियो मेदेरा २०१२ मध्ये गेल्यानंतर प्रथमच हे पद भारतीयाकडे आले.

पण आमचे मत खरे ठरले अशी शेखी आम्ही मिरवणार नाही. सुरुवात चांगली झाली. सप्टेंबरमध्ये मध्य आशियाच्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून भारत तिसरा आला. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ हार झाली आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशनेही ०-१ हरवले. लगेच लोक म्हणू लागले, जुनाच बरा होता.

यावर आमचे म्हणणे एवढेच, की बेणेमळाच नीट नसेल तर लागण करणारा बदलून उगवण सुधारत नाही. पंधरा वर्षांखालच्या पोरांना वर्षभर सामने आणि प्रत्येक तालुक्याला शिकलेला प्रशिक्षक मिळेपर्यंत दिल्लीत कोणीही बसवला तरी नांग्या राहणारच.

आमच्या तालमीचे काय झाले?

आरे-वारेला त्या पोरांचा बॉल लाटांकडे गेला. दोघे त्यामागे धावले. त्यांतल्या थोरल्या पोराने जागेवरून हाक मारली, "थांबा रे, जाऊ दे त्याला!" आणि दोघेही थांबले. आमचे सभासद दिवसभरात पहिल्यांदा बोलले. "पोरं थांबली बघा. ह्यो कोच."

परत आल्यावर पंचांनी त्यांना बोलावून हेच चार प्रश्न तोंडावर विचारले. दुसऱ्या प्रश्नाला ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चूक निम्मी माझीच हुती. फायनलला दुखऱ्या गुडघ्याचं पोरगं उतरवलं मी. चषक आला, पर त्ये पोरगं पुन्हा खेळलं न्हाई. त्याच्या बाच्या डोळ्याला डोळा देता येत न्हवता, म्हणून कारभाऱ्यांशी भांडण काढलं."

बैठकीत ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. अर्जात चषकाचा उल्लेख होता, गुडघ्याचा नव्हता.

पंचांनी मोठा संघ त्यांना दिला नाही, तो परवाना घेतलेल्या एका तरुण प्रशिक्षकाकडे गेला. चौदा वर्षांखालची पोरे मात्र त्यांच्याकडे सोपवली. आठवडाभर ते रुसून होते. नंतर एका सकाळी शिट्टी गळ्यात घालून मैदानावर हजर झाले. आता कोणी पोरगे लंगडताना दिसले की ते आधी त्याला बाहेर बसवतात आणि मग स्कोअर विचारतात. आमच्या मते तालमीने बेणेमळा योग्य माणसाच्या हाती दिला.

जाता जाता आमच्या कामाचे एक सांगतो. शेतात खोडवा ठेवायचा असेल तर १५ फेब्रुवारीच्या आत तुटलेल्या, निरोगी आणि दाट उसाचाच ठेवा. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट जाळू नका, नांग्या वेळेत भरा. काही शंका असल्यास आपल्या गटाच्या कचेरीत चौकशी करावी. पाटाकडीलची मॅच नसेल तर आम्ही तेथे भेटू.