कुकडीच्या काठचे हिमयुग

हिमनदीने कोरलेले सरोवर म्हटले की काश्मीरात हरमुख पर्वताच्या पायथ्याशी पसरलेल्या गंगाबलासारखी जलाशये डोळ्यांपुढे उभी राहतात. आणि जुन्नर-आंबेगावच्या नकाशावर माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही पाच निळी क्षेत्रे पाहून जिज्ञासू वाचकास सह्याद्रीच्या कुशीतही असे काही प्राचीन असावे असे वाटले, तर त्यात नवल नाही. परंतु ही पाचही तळी कुकडी प्रकल्पाची, पाटबंधारे खात्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आखून बांधलेली आहेत, आणि ज्या आंबेगावाने तालुक्यास नाव दिले तो जुना गाव डिंभ्याच्याच पाण्याखाली गेला आहे. या मुलुखात हिमनदीचे सरोवर नाही. हिमयुग मात्र आहे, आणि ते धरणांच्या पाण्यात नसून नदीकाठच्या मातीच्या दरडीत आहे, हे या लेखाचे प्रतिपाद्य होय.

बर्फाचा प्रचंड भार उतारावरून सरकताना तळचा खडक खरवडतो, खोलगट जागा कोरतो आणि वितळून मागे हटताना सोबत आणलेल्या दगडमातीचा, म्हणजे हिमोढाचा, बांध खोऱ्याच्या तोंडाशी टाकून जातो. त्या बांधामागे जे पाणी साठते ते हिमनदीचे सरोवर. यास लागणारी थंडी जुन्नरच्या सरहद्दीवरील १,४२४ मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडासही या अक्षांशावर कधी लाभली नाही. महाराष्ट्रात हिमनदीची साक्ष आहे ती जुन्या चांदा जिल्ह्यात. तेथे पैनगंगेच्या काठी इरई गावानजीक चुनखडकावर बर्फाने ओढलेल्या समांतर ओरखड्यांची नोंद भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने एकोणिसाव्या शतकातच केली. पण ते हिमयुग सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे, आणि जुन्नरचा पाषाण जन्मला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून. मंचर आणि गिरवली या आंबेगाव तालुक्यातील गावांची नावे भूवैज्ञानिकांनी मोठमोठे फेल्स्पार स्फटिक असलेल्या लाव्हाथरांना दिली आहेत, आणि त्यांच्यामधल्या थरसमूहास भीमाशंकराचे नाव आहे. एखाद्या परगण्याची हद्द गावांच्या नावांनी सांगावी, तशीच ही पाषाणाची मोजणी आहे.

अखेरच्या हिमयुगाचा कडाका सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वी पराकोटीस पोचला तेव्हा समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरांनी खाली गेली होती, आणि मुंबईपुढचा किनारा शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेस सरकला होता. परंतु कुकडी घोडेस, घोड भीमेस आणि भीमा कृष्णेस मिळून पूर्वसमुद्राकडे जाते, आणि तो समुद्र इतका दूर की त्याच्या भरतीओहोटीचा हुकूम जुन्नरच्या नद्यांवर चालत नाही. येथे सत्ता पावसाची. नाणेघाटाच्या माथ्यावर आजही तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडे बोरीच्या बाजूस पाचसहाशेच्या घरात. हिमयुगात मोसमी वारे क्षीण झाले, डोंगरउतारांवरील वनस्पती विरळ झाली, उघडी माती प्रवाहात उतरू लागली, आणि ती वाहून नेण्याचे बळ नदीत न उरल्याने खोऱ्यात गाळाचे थर साचत गेले. हिमयुग संपून पाऊस पुन्हा बळावला तेव्हा त्याच नदीने आपणच साचविलेला गाळ चिरून पात्र खोल केले. पश्चिम दख्खनच्या नद्यांचा हा इतिवृत्तान्त विश्वास काळे व शरद राजगुरू यांनी १९८७ साली 'नेचर' या नियतकालिकात मांडला. आज कुकडीच्या काठी ज्या उभ्या दरडी दिसतात त्या या दुहेरी कारभाराच्या.

या दरडींतील सर्वांत बहुमोल स्थळ म्हणजे जुन्नर तालुक्यातील मौजे बोरी बुद्रुक. तेथे तपकिरी गाळात एक पांढुरका, करडा, बोटांत चुरला असता पिठासारखा होणारा थर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात काचेचे वक्र, धारदार तुकडे दिसतात, आणि त्या काचेत सिलिकेचे प्रमाण शेकडा पंचाहत्तरच्या आसपास भरते. आपल्या काळ्या पाषाणात ते पन्नासाच्या जवळ असते. तेव्हा ही राख सह्याद्रीची नव्हे. ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची, तीन हजारांहून अधिक किलोमीटर वाऱ्यावर वाहत आलेली, आणि पावसाने उतारांवरून धुऊन नदीकाठी साचविलेली. त्या स्फोटानंतर जमीन खचून जी गर्ता झाली तिच्यात आज सुमारे शंभर किलोमीटर लांबीचे टोबा सरोवर आहे. बारामती तालुक्यात कऱ्हेकाठी मोरगावजवळही अशी राख आहे.

डेक्कन कॉलेजातील रवि कोरिसेट्टर, शीला मिश्रा, राजगुरू आदी संशोधकांनी १९८९ साली या थराची वार्ता जाहीर केली तेव्हा त्यांनी आर्गॉनच्या समस्थानिकांवरून त्याचे वय सुमारे चौदा लक्ष वर्षे दिले होते. आणि त्याच गाळात अश्यूलियन या अश्मयुगीन परंपरेच्या हातकुऱ्हाडी व तासण्या सापडल्याने त्या वयास असाधारण महत्त्व आले. पुढे मिश्रा यांच्याच चमूने ते सुमारे पावणेसात लक्षांवर आणले. इतर संशोधकांनी काचेची रासायनिक घडण पाहून ही राख टोबाच्या अखेरच्या, सुमारे चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाचीच आहे असे प्रतिपादिले. आक्षेप असा की वाहत्या पाण्याने साचविलेल्या राखेत जुन्या पाषाणाचे चिमूटभर कण मिसळले तरी आर्गॉनचे घड्याळ लक्षावधी वर्षे मागे जाते. आमच्या मते हा आक्षेप वजनदार आहे. परंतु त्यावरून हत्यारांचे प्राचीनत्व निकालात निघत नाही, कारण तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथे अश्यूलियन हत्यारांचे वय पंधरा लक्षांच्या आसपास सिद्ध झाले आहे, आणि बोरीची हत्यारे राखेच्या नेमक्या कोणत्या बाजूस, मूळ जागी की वाहून आलेली, हा प्रश्न राखेच्या वयापासून अलग सोडविता येतो.

तो सोडविण्यासाठी दरड उभी असावयास हवी. दख्खनच्या नद्यांकाठच्या घळींची जमीन महसुली दफ्तरात बहुधा पोटखराब्यात पडते, आणि पोटखराब्याची कणव कोणास येणार? यंत्रे आल्यापासून अशा घळी सपाट करून तेथे ऊस-द्राक्षे लावण्याचा प्रघात पडला आहे. शेतकऱ्याचा त्यात दोष नाही. त्यास पीक हवे आणि मातीतील राखेची किंमत त्यास कोणी सांगितलेली नाही. ती सांगण्याचे काम जुन्नरच्या शाळांनी, ग्रामपंचायतींनी आणि पुरातत्त्व खात्याने मिळून केले पाहिजे: राखेचा थर असलेल्या काठाची मोजणी करून, मालकाच्या संमतीने व योग्य मोबदला देऊन, निदान काही गुंठ्यांची एक पट्टी राखून ठेवावी. राखेच्या वरच्या व खालच्या गाळातील वाळूचे कण शेवटचे सूर्यप्रकाशात कधी होते हे आता प्रयोगशाळेत मोजता येते, आणि त्या मापनासाठी कण अंधारातच, दरडीत खोलवर खुपसलेल्या नळीत भरून, बाहेर काढावे लागतात.