तीन पिढ्यांचा जलप्रवास

दिल्लीला समुद्र नाही. करोल बाग, पहाडगंज, नोएडा किंवा गुरुग्राम येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला जहाजाने सहल करावयाची असेल, तर आधी सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करून मुंबई गाठावी लागते. त्यात आजी-आजोबा, मुले-सुना, लेक-जावई आणि नातवंडे अशी दहा-बारा माणसे असली, म्हणजे ती योजना एखाद्या लहानशा लग्नकार्याइतकीच विस्तारते. अशा सहलीला आज ‘क्रूझ’ म्हणतात. शब्द नवा असला, तरी मराठी माणसाला जहाजाचा प्रवास नवा नाही.

मुंबई ते गोवा अशी आगबोटींची वाहतूक कित्येक दशके चालू होती. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. अनेक बंदरांत धक्क्याला लागण्याइतके खोल पाणी नसे. तेव्हा बोट दूर उभी राही आणि प्रवासी पडावातून किनाऱ्यावर येत. पावसाळ्यात हा मार्ग बंद असे. पुढे रस्ते सुधारले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, तोवर जुन्या बोटी इतिहासजमा झाल्या होत्या. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ हे जहाज मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाले, पण ती सेवा फार काळ टिकली नाही. २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीच्या मोठ्या जहाजाने मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी होऊ लागल्या.

ज्यांचे बालपण कोकणात गेले, अशा वृद्धांच्या मनात या प्रवासाबरोबर एक भीतीही असते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. ही कथा कोकणात घरोघर सांगितली गेली आहे. त्यामुळे “तुम्ही जाऊन या, आम्ही घर सांभाळतो,” असे आजीने म्हटले, तर तो केवळ संकोच समजू नये. त्यात भीती असेल, गुडघेदुखी असेल, किंवा आपल्यामुळे मुलांचा खर्च वाढेल ही काळजी असेल. कारण कोणते, हे विचारल्यावाचून केलेली योजना कागदावर कितीही चांगली दिसली, तरी ती अपुरीच होय.

तारीख ठरविताना दिल्ली आणि समुद्र यांच्या ऋतूंचा मेळ घालावा लागतो. दिल्लीतील शाळांची मोठी सुटी मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत असते. मुंबईत मात्र जूनच्या पूर्वार्धात पाऊस येतो आणि समुद्र खवळतो. त्यामुळे दसरा-दिवाळीची सुटी अधिक सोयीची. डिसेंबर-जानेवारीत समुद्र शांत असतो, पण दिल्लीत धुके पडते. गाड्या आणि विमाने तासन्‌तास रखडतात. जहाज कोणासाठी थांबत नाही. म्हणून एक दिवस आधीच मुंबईत मुक्कामाला पोहोचावे, हे बरे.

आरक्षणाचा क्रमही समजून घ्यावा. जहाजाच्या खोल्या कित्येक महिने आधी मिळतात. रेल्वेचे आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधीच खुले होते. म्हणजे जहाज आधी, रेल्वे नंतर. रेल्वेची ज्येष्ठ नागरिकांसाठीची सवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली, हेही अंदाजपत्रक करताना विसरू नये.

जहाजाचे भाडे बहुधा एका खोलीत दोन माणसे राहतील, असे धरून माणशी आकारले जाते. एकट्या माणसाने खोली घेतली, तर त्याला जादा पैसे पडतात. घरात आजी एकटी असेल, तर तिने नातीबरोबर खोली घेणे हा सोपा उपाय आहे, आणि पुष्कळदा दोघींनाही तोच आवडतो. तिसरा-चौथा बिछाना भिंतीला वर लावलेला असतो. तेथे शिडीने चढावे लागते, म्हणून तो मुलांना द्यावा. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. ज्यांना बोट लागते, त्यांच्यासाठी अशीच खोली निवडावी. समुद्र दिसणाऱ्या महागड्या सज्जाचा मोह तेथे आवरावा. चाकांची खुर्ची आत जाईल अशा खोल्या मोजक्याच असतात आणि त्या लवकर भरतात.

भाड्यात राहणे, मुख्य भोजनगृहातील जेवण आणि करमणूक यांचा समावेश असतो. मद्य, इंटरनेट, बंदरावरील सहली, वैद्यकीय उपचार यांचे पैसे सहसा वेगळे द्यावे लागतात. हा हिशेब भावंडांनी निघण्यापूर्वीच मोकळेपणाने करावा. जहाजावर कोणी किती खर्च केला, हा विषय घरी परतल्यावर निघाला, तर तो सहलीपेक्षा जास्त दिवस चालतो.

मुक्कामाची बंदरे निवडताना वृद्धांचे गुडघे लक्षात घ्यावेत. गोव्यात मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागते आणि प्रवासी चालत उतरतात. लक्षद्वीपला मोठी जहाजे बेटापासून दूर उभी राहतात व हलत्या लहान बोटीत उतरावे लागते. जुन्या कोकणबोटीच्या पडावासारखाच हा प्रकार. गोव्यात थांबा असेल, तर काही कुटुंबांना मंगेशी किंवा शांतादुर्गेचे दर्शन घ्यावेसे वाटते. फोंड्याच्या बाजूला जाऊन परत येण्यास किती वेळ लागेल, हे आधी नीट पाहावे.

कागदपत्रांत लहानसहान चुका महागात पडतात. सासर-माहेरच्या नावांमुळे स्त्रियांच्या ओळखपत्रावरील आणि तिकिटावरील नाव जुळत नाही, असे वारंवार घडते. परदेशी बंदर असेल, तर सर्वांना पासपोर्ट लागतो. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट सहसा मोठ्यांसारखा दहा नव्हे, पाच वर्षांचा असतो. मोठ्या बॅगा चढताना घेतल्या जातात आणि काही तासांनी खोलीवर पोहोचतात. म्हणून रोजची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातील पिशवीतच ठेवावी.

जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सर्व प्रवाशांना सुरक्षेची माहिती देणे आंतरराष्ट्रीय नियमानुसार बंधनकारक आहे. सात लहान आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणी. त्या वेळी प्रत्येकाने नेमून दिलेल्या जागी जमावयाचे असते. अशा प्रसंगी लिफ्ट वापरता येत नाही. आजी-आजोबांच्या खोलीपासून ती जागा किती दूर आहे आणि त्यांना कोणत्या जिन्याने न्यावयाचे, हे घरातील दोन धडधाकट माणसांनी त्याच संध्याकाळी प्रत्यक्ष चालून पाहावे.