वजनकाट्याचा बिनतारी दुभाष्या

साखर कारखान्याच्या आवारात उसाने भरलेला ट्रक वजनकाट्यावर चढतो आणि काट्याच्या खोलीतील दर्शकावर आकडे उमटतात. हेच आकडे हिशेबाच्या संगणकात जातात आणि त्यांवर शेतकऱ्याचे पैसे ठरतात. दर्शक पुष्कळदा जुना असतो. वजन करण्यात तो अजून चोख असतो, पण वायफाय म्हणजे काय हे त्याच्या गावीही नसते. त्याच्या पाठीमागे नऊ टाचण्यांची एक लहानशी जोडणी असते, आणि तिच्यातून तो एका फार जुन्या रिवाजाने बोलतो. अमेरिकेत १९६० साली ठरलेला हा रिवाज आरएस-२३२ या नावाने ओळखला जातो.

या जोडणीची तार साधारणपणे १५ मीटरपर्यंत भरवशाची मानतात. हिशेबाची कचेरी तर दोनशे मीटरवर! मध्ये रस्ता, गाड्यांची रांग. दर्शक बदलायचा, तर खर्च आला आणि काट्याची नव्याने पडताळणीही आली. अशा वेळी दर्शकाजवळ एक छोटी पेटी बसवतात. तिच्या एका बाजूला जुनी तार आणि दुसऱ्या बाजूला अँटेना असते. तिचे नाव बिनतारी सीरियल डिव्हाइस सर्व्हर. आपण तिला दुभाष्या म्हणू. मात्र हा दुभाष्या नवा कोरा आला की त्याला काहीच ठाऊक नसते. सारे शिकवावे लागते.

प्रथम जुनी भाषा पाहू. सीरियल म्हणजे एकामागून एक. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. तो ० आणि १ यांच्या रूपात लिहितात आणि त्यातला एकेक बिट त्याच तारेवरून रांगेने पाठवतात. तार स्वस्थ असते तेव्हा तिच्यावर ऋण विद्युत्दाब असतो, आणि तो '१' समजला जातो. अक्षर सुरू होताना दाब धन होतो. हा आरंभ-बिट. मागोमाग अक्षराचे बिट येतात आणि शेवटी विराम-बिट. वेग ९६०० बॉड असेल तर एका बिटाला सेकंदाचा ९६००वा भाग मिळतो. बॉड हे नाव एमिल बोदो या फ्रेंच तारायंत्रतज्ज्ञावरून आले आहे.

येथे एक प्रश्न पडायला हवा. घड्याळाचे ठोके पोचवणारी वेगळी तार नाही, मग ऐकणाऱ्याला एक बिट संपून दुसरा सुरू झाल्याचे कसे कळते? त्याच्यापाशी स्वतःचे घड्याळ असते. आरंभ-बिट आला की तो मोजायला लागतो आणि प्रत्येक बिटाच्या बरोबर मध्यावर दाब पाहतो. दहा बिटांच्या अक्षरात शेवटची पाहणी साडेनऊ बिटांनंतर होते. तेवढ्या अवधीत दोन घड्याळांतील फरक अर्ध्या बिटाहून कमी राहिला पाहिजे, म्हणजे ०.५ भागिले ९.५, सुमारे ५ टक्के. पुढच्या अक्षराला मोजणी पुन्हा नव्याने सुरू होते. म्हणूनच साध्या घड्याळांवर हे काम इतकी वर्षे चालले आहे. पण एका बाजूला ९६०० आणि दुसऱ्या बाजूला ४८०० ठेवले, तर साराच गोंधळ होतो. हा गोंधळ निदान लगेच दिसतो.

त्याहून फसवी चूक समता-बिटाची. काही यंत्रे अक्षराचे सातच बिट पाठवतात आणि आठव्या जागी समता-बिट ठेवतात. एकूण '१' ची संख्या सम व्हावी, एवढेच त्याचे काम. वाटेत एखादा बिट उलटला तर संख्या विषम होते आणि चूक उघडकीस येते. आता समजा, दर्शक असा सम समतेने बोलतो आहे आणि दुभाष्याला कोणी 'आठ बिट, समता नाही' असे शिकवले. दोन्हीकडे बिट दहाच, त्यामुळे तक्रार कुठूनच येत नाही. पण दुभाष्या समता-बिटालाही अक्षराचाच भाग समजतो. '३' या अंकाचे बिट ०११००११. त्यात चार वेळा '१' आहे, म्हणून समता-बिट ० आणि अंक सुखरूप पोचतो. '१' या अंकाचे बिट ०११०००१. त्यात तीन वेळा '१', म्हणून समता-बिट १; आणि ४९ क्रमांकाच्या अक्षराऐवजी १७७ क्रमांकाचे भलतेच चिन्ह उमटते.

दहाही अंक असे लिहून पाहा. (शिक्षकांनी वर्गात फळ्यावर करून घेण्याजोगे आहे.) ०, ३, ५, ६, ९ बरोबर येतात आणि १, २, ४, ७, ८ बिघडतात. म्हणजे ३५,६०० किलो वजनाचे आकडे स्वच्छ दिसतील आणि १२,४८० मधले फक्त शेवटचे शून्य ओळखू येईल! बसवणाऱ्याने पहिल्याच गाडीवर समाधान मानले तर चूक दुसऱ्या गाडीपर्यंत लपून राहते. सबब वेग, बिटांची संख्या, समता आणि विराम-बिट या चारही गोष्टी दर्शकाच्या माहितीपुस्तिकेतून उतरवून घ्याव्यात, अंदाजाने ठेवू नयेत.

दुसरी बाजू बिनतारी जाळ्याची. तेथे बिट रांगेने चालत नाहीत, त्यांची पाकिटे करून पाठवतात. पाकीट केव्हा बंद करायचे? एकेका अक्षराचे पाकीट म्हणजे एका पोस्टकार्डावर एकच अक्षर लिहिण्यासारखे. वजनाच्या ओळीच्या शेवटी बहुधा १३ क्रमांकाचे 'ओळ संपली' हे चिन्ह असते, तेव्हा 'हे चिन्ह येताच पाकीट रवाना कर' असे दुभाष्याला सांगता येते. (मघाची समतेची गडबड झाली असेल तर हे चिन्हही ओळखू येणार नाही, १३ मध्येही तीन वेळा '१' आहे.) वीजमापकांसारख्या काही यंत्रांचे याहून नाजूक असते. १९७९ साली निघालेल्या मॉडबस पद्धतीत निरोप संपल्याची खूण म्हणजे साडेतीन अक्षरांइतकी शांतता. ९६०० बॉडला ती जेमतेम ४ मिलिसेकंद भरते. बिनतारी जाळ्यात एवढी दिरंगाई सहज होते. निरोपाचे दोन तुकडे पडले तर मापक त्याला अर्धवट समजून टाकून देतो. म्हणून पाकिटे पुरती जमा करून सबंध निरोप एका दमात तारेवर सोडण्याची सोय दुभाष्यात हवी.

मग पत्ता. दुभाष्याला जाळ्यातील आयपी पत्ता द्यावा लागतो आणि त्याबरोबर पोर्ट क्रमांक. इमारतीचा पत्ता आणि खोलीचा क्रमांक असावा तसे. पत्ता कायमचा ठरवून दिलेला बरा, नाहीतर एके दिवशी तो बदलतो आणि संगणक रिकाम्या घराचे दार ठोठावत बसतो. संगणकात 'आभासी पोर्ट' तयार करतात, म्हणजे हिशेबाच्या जुन्या प्रणालीला आपली तार अजून जागेवरच आहे असे वाटते. अँटेना उंच लावावी हे ओघानेच आले. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या असतात. ट्रकचे लोखंड त्या परतवते आणि उसातले पाणी त्या शोषते. आणि अशी भरलेली गाडी तर नेमकी काट्यावरच उभी!

दुभाष्याच्या अंगी असलेली सारी विद्या ज्या आज्ञावलीत साठवलेली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. ती अधूनमधून बदलावी लागते. वायफायची पहिली गुप्तलेखन पद्धत डब्ल्यूईपी कच्ची असल्याचे २००१ साली दाखवून दिले गेले, आणि २००४ पासून डब्ल्यूपीए-२ ही बळकट पद्धत आली. जुन्या दुभाष्यांपैकी काहींना नवी पद्धत फर्मवेअर बदलून शिकवता येते. काहींच्या अंगी तेवढी शक्तीच नसते. ते बदललेलेच बरे.

फर्मवेअर फ्लॅश स्मृतीत असते. या स्मृतीत लिहिण्यापूर्वी जुना मजकूर ठोकळ्याठोकळ्याने पुसावा लागतो. पुसले आणि लिहायच्या आत वीज गेली, तर पेटी अर्ध्या विद्येची राहते आणि पुष्कळदा उठतच नाही. चांगल्या पेट्यांत दोन प्रतींना जागा असते: नवी पुरती लिहून झाली, तिची पडताळणी जुळली, की मगच जुनी सोडायची. ही पडताळणी म्हणजे सगळ्या फाइलीला एक प्रचंड संख्या समजून, एका खास भागाकाराची बाकी काढून ती ताडून पाहणे. वाटेत झालेली मोडतोड तिने सापडते. लबाडी मात्र सापडत नाही, कारण लबाड मनुष्य बाकीही नव्याने काढून जोडू शकतो. त्यासाठी निर्मात्याच्या गुप्त किल्लीने केलेली अंकीय सही लागते.

ही शंका काल्पनिक नाही. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये घुसखोरांनी तीन वीजवितरण कंपन्यांच्या संगणकांत शिरून दुरूनच उपकेंद्रांचे खटके पाडले. सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. त्याखेरीज त्यांनी उपकेंद्रांतील अशाच दुभाष्या पेट्यांचे फर्मवेअर बिघडवून टाकले. त्या पेट्या तारेच्या जाळ्यावरच्या होत्या, पण काम हेच. त्या मुक्या झाल्याबरोबर नियंत्रण कक्षाच्या आज्ञा खटक्यांपर्यंत पोचेनात. अखेर माणसे गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि हातांनी खटके चढवून काही तासांत वीज परत आणली. बिघडलेल्या पेट्या मात्र दुरुस्त होण्यासारख्या नव्हत्या.

तेव्हा पेटीबरोबर आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा आणि फर्मवेअर निर्मात्याकडूनच घ्यावे. बदल शक्यतो गाळप हंगाम संपल्यावर करावा. सुरक्षिततेची तातडी असेल तर काटा रिकामा असताना, एक जादा पेटी हाताशी ठेवून. आधीची सर्व मांडणी फाइलीत आणि कागदावरही उतरवून ठेवावी, कारण नव्या फर्मवेअरनंतर पेटी कधी कधी पुन्हा कोरी होते. काम चालू असताना पेटी तारेने जोडलेली असावी. जी बिनतारी वाट आपण बदलतो आहोत, तिच्यावरूनच बदल पाठवणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणे. विजेला बॅटरीचा आधार असावा. पेटी पुन्हा सुरू झाली की निरनिराळ्या वजनांच्या चार-पाच गाड्या काट्यावर घ्याव्यात आणि दर्शकावरचा आकडा संगणकातल्या आकड्याशी ताडावा. त्या सगळ्या वजनांत मिळून ० ते ९ हे दहाही अंक आले पाहिजेत.