श्वासाचा हिशेब

आपल्या गोंदिया जिल्ह्यात विडी वळणारे आणि राईस मिलच्या धुळीत राबणारे बांधव पुष्कळ. दम लागू लागला की डॉक्टर नळीत फुंकायला लावतात. हीच स्पायरोमेट्री. छातीभर श्वास घेऊन जोराने सोडायचा. एकूण हवा किती आणि पहिल्या सेकंदात किती, हे यंत्र मोजते. श्वासनळ्या मोकळ्या करणारे औषध दिल्यावरही पहिल्या सेकंदाचा वाटा ७० टक्क्यांहून कमी राहिला, तर नळ्यांत कायमचा अडथळा असल्याची शंका येते.

फुप्फुसाची अपेक्षित क्षमता मात्र संगणक वय, लिंग आणि उंचीवरून काढतो. आम्हा बँकेतल्या माणसांना ठाऊक आहे, नोंद चुकली की शिल्लक चुकते. उंची अंदाजाने कमी लिहिली तर अपेक्षा घटते आणि आजारी फुप्फुसही निरोगी दिसते.

पूर्वीची अनेक सूत्रे वंशही विचारीत. काही वंशांची फुप्फुसे मुळातच लहान, असे गृहीत धरीत. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने ते सोडून सर्वांना एकच माप लावण्याची शिफारस केली. समतेचा विचार येथेही पोहोचला!

बंधू-भगिनींनो, अनवाणी उभे राहून उंची मोजून घ्या, तीन वेळा नीट फुंका, अहवाल जपून ठेवा. केवळ कोणी सांगितले म्हणून मानू नका, असा तथागतांचा कालामांना उपदेश आहे. संगणकाच्या आकड्यालाही तोच लावावा.